आपत्कालीन ब्रेकचं पेटंट आणि त्यावरचे वाद : सोलापूरच्या वर्कशॉपवाल्यांचे प्रश्न

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत ट्रॉली बांधणाऱ्यांसाठी, ट्रकच्या एअर ब्रेकचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांसाठी आणि ब्रेकवर प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी लिहिली आहेत. पुणे-हैदराबाद महामार्ग दारात आणि जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्याच ट्रॉल्या. त्यामुळे ब्रेकच्या अडचणी इथे रोज दिसतात आणि त्यावरचे इलाजही इथल्याच कारागिरांना सुचतात. पण पेटंटचं नाव निघालं की कुणी घाबरून चालू काम बंद करतो, तर कुणी आलेली नोटीस न वाचता कपाटात टाकतो. दोन्हीत नुकसान आहे. खाली जी कलमं येतात ती १९७० च्या पेटंट कायद्यातली आहेत. दुसरा कायदा असेल तिथे त्याचं नाव दिलं आहे.

आपत्कालीन ब्रेक म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि वादात त्यांची सरमिसळ महागात पडते.

पहिली, हवा गेली की आपोआप लागणारा ब्रेक. ट्रकच्या मागच्या चेंबरमध्ये जाड स्प्रिंग असते. हवेच्या दाबानं ती दाबून ठेवलेली असते, दाब गेला की स्प्रिंग सुटते आणि चाक धरते. दुसरी, ट्रॉली सुटल्यावर लागणारा ब्रेक. पिन तुटली, हिच (ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा जोड) उघडलं, तर मागची ट्रॉली स्वतःच थांबली पाहिजे. तिसरी, अलीकडे गाजणारी स्वयंचलित यंत्रणा. यात रडार किंवा कॅमेरा पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतो, धडकेला किती वेळ उरला याचा हिशेब करतो, आधी ड्रायव्हरला इशारा देतो आणि त्यानं काही केलं नाही तर स्वतः ब्रेक मारतो.

या तिसऱ्या यंत्रणेची गरज साध्या गणितात दिसते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. युरोपीय संघात नव्या जड वाहनांच्या मॉडेल्सना ही यंत्रणा नोव्हेंबर २०१३ पासून सक्तीची झाली, आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला. जड वाहनांसाठीच्या यंत्रणेचं भारतीय मानक एआयएस-१६२ या क्रमांकाचं आहे.

मग ‘इमर्जन्सी ब्रेक’वर कुणाचं पेटंट आहे? आपण बनवूच नये का?

‘संकटात गाडी आपोआप थांबावी’ या कल्पनेवर कुणाचंही पेटंट नाही आणि मिळणारही नाही. पेटंट मिळतं ते गाडी थांबवण्याच्या एखाद्या ठरावीक रचनेला किंवा पद्धतीला. त्या रचनेच्या हद्दी पेटंटच्या शेवटी असलेल्या क्लेममध्ये लिहिलेल्या असतात. जमिनीच्या खरेदीखतात जशा चतुःसीमा, तसे पेटंटमध्ये क्लेम. वर्णनाची वीस पानं आणि सुंदर चित्रं असली तरी हद्द क्लेमच्या वाक्यातच शोधायची.

म्हणून कुणी ‘आमचं इमर्जन्सी ब्रेकवर पेटंट आहे’ असं सांगितलं तर दोन गोष्टी मागा: पेटंटचा नंबर आणि क्लेम १ चा मजकूर.

क्लेम वाचायचा कसा? ते एकच वाक्य पानभर असतं.

तुकडे करून वाचायचा. या पानावरचं हे सगळ्यात उपयोगी काम आहे, म्हणून एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा क्लेम असा आहे: ट्रॉलीसाठी आपत्कालीन ब्रेक यंत्रणा, जिच्यात (अ) हिचच्या जोडावरचा ओढ मोजणारा सेन्सर आहे; (ब) ओढ अचानक शून्यावर आली की संदेश देणारं कंट्रोल युनिट आहे; (क) ट्रॉलीवर बसवलेली हवेची टाकी आहे; आणि (ड) त्या संदेशावर उघडणारा, टाकीतली हवा ब्रेक चेंबरला सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे.

आता कागदावर चार ओळी काढा आणि समोर तुमच्या ट्रॉलीवर काय आहे ते लिहा. तुम्ही ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये वायररोप बांधला आहे. ट्रॉली सुटली की रोप ताणला जातो आणि हातानं चालणाऱ्यासारखा साधा यांत्रिक व्हॉल्व्ह खेचून उघडतो. टाकी आहे, चेंबर आहे. सेन्सर नाही, कंट्रोल युनिट नाही, सोलेनॉइड नाही. (अ), (ब) आणि (ड) गळाले. क्लेममधला प्रत्येक घटक, जसाच्या तसा किंवा त्याच्या बरोबरीच्या रूपात, तुमच्या वस्तूत असला तरच उल्लंघन होतं. परिणाम तोच आला, ट्रॉली थांबली, एवढ्यावर उल्लंघन होत नाही.

दुसऱ्या एका वर्कशॉपनं मात्र सेन्सरही ठेवला, कंट्रोल युनिटही ठेवलं, फक्त सोलेनॉइडच्या जागी मोटरनं फिरणारा व्हॉल्व्ह लावला. हा माणूस सुरक्षित नाही. नुसता एक तुकडा बदलला, तो तेच काम त्याच रीतीनं करतो आणि निकालही तोच देतो, असं दिसलं तर न्यायालय त्याला ‘बरोबरीचा’ मानू शकतं. पेटंट चुकवण्यासाठी केलेला वरवरचा बदल आणि वेगळ्या तत्त्वावरचं खरं काम यांतला फरक न्यायाधीशांना कळतो; तुमचा मेकॅनिक साक्षीला उभा राहिला की तो आणखी स्पष्ट होतो.

‘ज्यात समाविष्ट आहे’ अशा शब्दांचा क्लेम असेल तर तुम्ही वरून आणखी चार भाग जोडल्यानं सुटका होत नाही. क्लेममधला एखादा भाग काढून टाकल्यानं किंवा खरोखर वेगळ्या तत्त्वानं काम केल्यानं सुटका होते.

ब्रेकवरून असे खटले खरंच झालेत का?

झालेत, आणि त्यांतला एक सोलापूरसारख्या रेल्वेच्या गावात माहीत असावा असा आहे.

जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांना रेल्वेच्या एअर ब्रेकचं पहिलं पेटंट १८६९ मध्ये मिळालं. पुढे त्यांनी प्रत्येक डब्याखाली हवेची वेगळी टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह बसवला. गाडीभर जाणाऱ्या पाइपमधला दाब कमी झाला की टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाऊन ब्रेक लागायचा. पाइप तुटला तरी गाडी थांबणार, ही त्यातली मोठी सोय. पण लांब मालगाडीत घोटाळा व्हायचा. पुढच्या डब्यांना ब्रेक आधी लागायचा, मागच्यांना उशिरा, आणि मागचे डबे पुढच्यांवर आदळायचे. १८८६ आणि १८८७ मध्ये अमेरिकेत बर्लिंग्टनला झालेल्या चाचण्यांत हे ठळकपणे दिसलं. त्यावर वेस्टिंगहाऊस यांनी नवा व्हॉल्व्ह काढला: आणीबाणीत मुख्य पाइपमधली हवा थेट त्या त्या डब्याच्या सिलिंडरमध्ये घ्यायची, म्हणजे दाब जागोजागी झपाट्यानं उतरतो आणि ब्रेकचा संदेश शेवटच्या डब्यापर्यंत वेगानं पोहोचतो. त्याचं पेटंट २९ मार्च १८८७ ला मिळालं.

बॉयडन यांच्या कंपनीनं हाच परिणाम वेगळ्या आणि सोप्या व्हॉल्व्हनं साधला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९८ मध्ये निकाल बॉयडनच्या बाजूनं लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की क्लेमचे शब्द एखाद्या वस्तूला अक्षरशः लागू पडत असले तरी त्या वस्तूनं यंत्राचं तत्त्वच बदललं असेल तर उल्लंघन ठरत नाही. पाइपमधली हवा सिलिंडरला देणं या कार्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही; मालकी ते कार्य करणाऱ्या रचनेवर. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही व्हॉल्व्ह खोलून आत काय बदललं ते बघण्याची त्यातली पद्धत मला आजही अनुकरणीय वाटते.

अलीकडच्या काळात ट्रकच्या एअर डिस्क ब्रेकवरून जर्मनीच्या क्नोर-ब्रेम्झ कंपनीनं अमेरिकेत डाना आणि हॅल्डेक्स यांच्यावर खटला केला. त्यातला २००४ चा अपील निकाल ‘जाणूनबुजून उल्लंघन’ कसं ठरवायचं यासाठी उद्धृत होतो.

आपल्याकडचा गाजलेला वाहन-पेटंट वाद ब्रेकचा नसून इंजिनाचा होता: बजाज ऑटो आणि टीव्हीएस यांचा, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगवरून. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसच्या गाडीवर तात्पुरता मनाई हुकूम दिला, मे २००९ मध्ये खंडपीठानं तो उठवला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टीव्हीएसला विक्रीची मुभा देऊन तिचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं, आणि असे दावे रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढावेत असंही बजावलं. यातून लहान उद्योजकानं एक घ्यावं: तात्पुरता हुकूम हा अंतिम निकाल नसतो, पण मधल्या काळात हंगाम हातचा जाऊ शकतो.

नोटीस आली आहे. आधी काय करू?

फोन उचलून समोरच्या वकिलाशी बोलू नका, आणि ‘यापुढे बनवणार नाही’ असं काही लिहून देऊ नका. पाकीट, तारखेचा शिक्का, ईमेल असेल तर ती, सगळं जपून ठेवा.

मग पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोध-सुविधेवर नंबर टाका. तिथे क्लेम, अर्जाची तारीख आणि मालकाचं नाव मिळतं. ई-रजिस्टरमध्ये वार्षिक फी भरलेली आहे का ते कळतं. अर्ज नुसता प्रसिद्ध झालेला असेल आणि पेटंट मंजूरच झालेलं नसेल, तर आज दावा लावता येत नाही. मंजूर झाल्यावर मात्र अर्ज प्रसिद्ध झालेल्या तारखेपासूनची भरपाई मागता येते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पेटंट जिवंत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे क्लेमचे तुकडे करून तुमच्या वस्तूशी ताडून बघा, आणि हे काम पेटंट समजणाऱ्या वकिलासोबत करा. पेटंट एजंट कार्यालयात अर्ज चालवू शकतो. न्यायालयात उभं राहायला वकीलच लागतो.

तिसरं काम बरेच जण विसरतात: कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला ऐका’ असा न्यायालयात आगाऊ दिलेला अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ नुसार कॅव्हेट दाखल केलं की तुम्हाला ऐकल्याशिवाय सहसा एकतर्फी मनाई हुकूम होत नाही. ते ९० दिवस टिकतं. ऐन गाळपाच्या तोंडावर ट्रॉल्यांची ऑर्डर हातात असेल तर ही खबरदारी घ्याच.

नोटीस येण्याआधी तुम्हाला पेटंट असल्याचं माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं, हे सिद्ध झालं तर कलम १११ नुसार त्या काळाची नुकसानभरपाई तुमच्याकडून घेता येत नाही. मालावर नुसतं ‘पेटंटेड’ लिहिलेलं असणं पुरत नाही, सोबत नंबरही हवा. पण नोटीस हातात पडली की हे संरक्षण तिथेच संपतं. त्या दिवसानंतर विकलेली प्रत्येक ट्रॉली माहिती असताना विकलेली धरली जाते. म्हणूनच नोटीस कपाटात टाकणं सगळ्यात वाईट.

नोटीस निराधार असेल तर तुम्हालाही हत्यार आहे. कलम १०६ खाली, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तुम्हीच दावा लावून धमक्या थांबवण्याचा आदेश आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकता. मात्र ‘आमचं असं असं पेटंट आहे’ एवढंच कळवणं धमकी ठरत नाही. कलम १०५ खाली ‘माझी वस्तू या क्लेममध्ये बसत नाही’ असं न्यायालयाकडून जाहीर करून घेता येतं. त्याआधी मालकाला वस्तूचा पूर्ण तपशील लेखी देऊन त्याची लेखी कबुली मागावी लागते.

पोलीस येऊन माल उचलतील का?

नाही. भारतात पेटंटचं उल्लंघन हा फौजदारी गुन्हा नाही. ‘एफआयआर करतो’ ही धमकी पोकळ आहे. न्यायालय मात्र मनाई हुकूम देऊ शकतं, भरपाई किंवा नफ्याचा हिशेब मागू शकतं आणि उल्लंघन करणारा माल जप्त करायला सांगू शकतं.

खटला सोलापुरातच चालतो का?

जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात असा दावा लावता येत नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला आणि तुम्ही उत्तरात ‘हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला, तर कलम १०४ नुसार संपूर्ण प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आहे. तातडीचा मनाई हुकूम मागितलेला नसेल तर व्यावसायिक न्यायालये कायदा, २०१५ खाली दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. माझं मत विचाराल तर लहान कारखानदारानं ती पायरी मनापासून वापरावी; माफक रॉयल्टीवर लायसन्स मिळत असेल तर वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा ते बरं.

आम्ही हेच काम कित्येक वर्षांपासून करतोय. त्यांनी पेटंट नंतर घेतलं. आता काय?

‘आधी मी केलं’ म्हणून तुम्हाला वैयक्तिक सूट देणारं कलम आपल्या कायद्यात नाही. पण तुमचं जुनं काम त्या पेटंटच्या मुळावर येऊ शकतं. अर्जाच्या तारखेआधी ती रचना भारतात उघडपणे वापरात किंवा माहितीत होती, हे दाखवता आलं तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं.

पुरावा मात्र तारखेसह हवा. जुनी बिलं, जीएसटीच्या आधीची व्हॅटची पावती, ग्राहकाच्या शेतात अजून चालणारी ट्रॉली आणि तिचे फोटो, कारखान्याच्या यार्डातल्या नोंदी, तारीख असलेलं ड्रॉइंग. नुसत्या बिलावर ‘ट्रॉली १ नग’ असं असेल तर त्यातून ब्रेकची रचना सिद्ध होत नाही. आजपासून बिलावर रचनेचा एक ओळीचा उल्लेख आणि मागे ड्रॉइंगचा नंबर टाकायला लागा, खर्च शून्य आहे.

सरकारनं तपासून दिलेलं पेटंट चुकीचं कसं असेल?

कलम १३(४) स्वतःच सांगतं, की कार्यालयानं तपासणी केली म्हणून पेटंट वैध आहे याची हमी मिळत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीपूर्वी, कुणीही विरोध नोंदवू शकतं. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात संबंधित व्यक्ती विरोध करू शकते. त्यानंतर उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज.

भांडी बनवण्याच्या यंत्रावरून झालेल्या बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पेटंट रद्द ठरवलं. जाणत्या कारागिराला वर्कशॉपमध्ये सहज सुचेल अशी नुसती सुधारणा पेटंटला पुरत नाही, त्यात शोधाची खरी पायरी हवी, हे तत्त्व त्या निकालातून घट्ट झालं. माहीत असलेले भाग शेजारी शेजारी ठेवले आणि प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम करत राहिला, तर कलम ३(फ) नुसारही तो शोध नव्हे. ट्रॉलीच्या ब्रेकवरच्या पुष्कळ अर्जांना हीच कलमं आडवी येतात. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉलीचा रेटा दांड्यावर येतो आणि त्या रेट्यानंच ब्रेक लागतो, ही पद्धत जगभर जुनी आहे. तिच्यावर आज कुणी हक्क सांगत असेल तर त्यात नेमकं नवीन काय, हे विचारायलाच हवं.

स्वयंचलित ब्रेकमध्ये सगळं सॉफ्टवेअरच असतं. सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं का?

निव्वळ अल्गोरिदमला किंवा निव्वळ प्रोग्रॅमला कलम ३(क) नुसार मिळत नाही. पण रडारचा संदेश वाचून ब्रेकचा दाब बदलणाऱ्या यंत्रणेचा तांत्रिक परिणाम रस्त्यावर दिसतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं, की तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये. मोटारीपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांत प्रोग्रॅम असतातच. तेव्हा धडकेचा उरलेला वेळ काढण्याचं सूत्र एकटं चालणार नाही. सेन्सर, सूत्र आणि ब्रेक व्हॉल्व्ह मिळून काय साधतात ते लिहावं लागेल.

अमेरिकेत पेटंट आहे, भारतात नाही. मग?

पेटंट देशापुरतं असतं. भारतात अर्जच नसेल तर इथे बनवून इथे विकायला त्या पेटंटची आडकाठी नाही. त्या देशात माल पाठवलात तर आहे. आणि ते परदेशी कागद आधी प्रसिद्ध झालेले असल्यामुळे त्याच रचनेवर तुम्हालाही इथे पेटंट मिळणार नाही.

मी बनवत नाही, फक्त बसवतो. किंवा माझ्या ट्रान्सपोर्टच्या गाड्यांना तो ब्रेक आहे. माझ्यावर काय येऊ शकतं?

कलम ४८ मध्ये बनवण्याबरोबर वापरणं, विकणं, विक्रीला ठेवणं आणि आयात करणंही येतं. त्यामुळे गॅरेजवाला आणि वाहनमालक पूर्ण बाहेर नाहीत. व्यवहारात दावा बनवणाऱ्यावर होतो, पण खरेदीच्या बिलावर पुरवठादाराकडून ‘पेटंटचा वाद उद्भवल्यास जबाबदारी आमची’ असं लिहून घ्या. मूळ कंपनीचा माल अधिकृत विक्रेत्याकडून घेऊन बसवणाऱ्याला ही चिंता नाही.

आम्हालाच नवीन काही सुचलंय. व्हिडिओ टाकू का?

आधी अर्ज, मग व्हिडिओ. यूट्यूबवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला, रचना दाखवणारा व्हिडिओ म्हणजे जाहीर प्रसिद्धी; तो तुमच्याच अर्जाविरुद्ध उभा राहतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या कृषी प्रदर्शनात स्टॉल मांडण्याआधीही हाच नियम पाळा.

ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तो रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. कलम ३२ यासाठी थोडी मोकळीक देतं: अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, केवळ चाचणीसाठी, आणि शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी लोकांसमोर करणं भाग आहे, तर त्या चाचणीमुळे नवेपण जात नाही. चाचणीची वही ठेवा, लोड आणि वेग लिहा, आणि त्या काळात विक्री करू नका.

सगळं तयार नसेल तर तात्पुरतं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं प्राथमिक लेखी वर्णन, भरून तारीख पकडता येते; पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत द्यावं लागतं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, भरणं ऑनलाइन होतं. व्यक्ती, स्टार्टअप, लहान उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये. ती विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, आपोआप तपासणी होत नाही. ही तारीख चुकली तर अर्ज मागे घेतल्यात जमा होतो. एजंटची फी वेगळी, आणि क्लेम लिहिण्यासाठी ती देणं मला रास्त वाटतं. वादात क्लेममधला एकेक शब्द तपासला जातो.

पेटंट अर्ज न करता मालावर ‘पेटंट पेंडिंग’ छापू नका. कलम १२० खाली त्याला दंड आहे, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं तो दहा लाख रुपयांपर्यंत नेला आहे.

कॉलेजचा प्रोजेक्ट होता. मालक कोण?

प्रवेश घेताना किंवा प्रोजेक्टसाठी सही केलेल्या कागदांवर आणि संस्थेच्या धोरणावर ते ठरतं. शोधक म्हणून नाव मात्र ज्यानं खरं डोकं लावलं त्याचंच लागतं, मार्गदर्शक असो वा विद्यार्थी. सबमिशनच्या आधी सरांशी बोला. आणि प्रोजेक्टचा अहवाल ग्रंथालयात सगळ्यांना खुला होण्याआधी अर्ज भरा.

पेटंट मिळालं की ब्रेक पास झाला असं धरायचं का?

अजिबात नाही, आणि हे कळकळीनं सांगतो. पेटंट कार्यालय ब्रेक दाबून बघत नाही. तुमची रचना नवी आणि पेटंटला पात्र आहे का, एवढंच ते तपासतं. ती उतारावर भरल्या ट्रॉलीला धरते का, चाक जाम होऊन ट्रॉली आडवी येते का, पावसाळ्यात व्हॉल्व्ह गंजतो का, यातलं काही पेटंटच्या कागदावर नसतं. वाहनाच्या मंजुरीसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचा मार्ग आहे, आणि नोंदणी झालेल्या वाहनात मूळ रचनेपासून फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. चालत्या गाडीत ब्रेकचा बदल करण्याआधी एमएच-१३ च्या कार्यालयात, म्हणजे आपल्या आरटीओत, लेखी विचारा.

चुकीच्या क्षणी लागलेला स्वयंचलित ब्रेकही मारतो. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला तेवढ्यात थांबता येत नाही. ज्यांना पेटंटची घाई आहे त्यांनी आधी चाचणीची घाई करावी.

मुदत संपलेल्या पेटंटमधली रचना वापरता येते का?

येते, आणि आपले लोक ही सोय फार कमी वापरतात. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. त्याआधीही वार्षिक फी थकली तर ते बंद पडतं. बंद पडल्यापासून १८ महिन्यांत मालक ते पुन्हा जिवंत करायला अर्ज करू शकतो, म्हणून तेवढा काळ जाऊ द्या. मोटारींतल्या स्वयंचलित ब्रेकवरचं काम २००० नंतरच्या दशकात बाजारात आलं; व्होल्वोनं कमी वेगात स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा २००८ मध्ये एक्ससी६० बरोबर दिली. त्या काळातल्या पायाभूत अर्जांची मुदत आता संपत चालली आहे. नंतरच्या सुधारणांवर वेगळी पेटंटं असू शकतात, ती वेगळी तपासायची.

शोधताना नुसता ‘ब्रेक’ शब्द टाकलात तर हजारो कागद येतील. वर्गीकरणाचा नंबर वापरा: वाहनांच्या ब्रेकचा वर्ग बी६०टी, आपोआप लागणाऱ्या ब्रेकसाठी बी६०टी ७/१२, आणि ट्रॉली सुटल्यावर किंवा तिच्या रेट्यानं लागणाऱ्या ब्रेकसाठी बी६०टी ७/२०. धडक टाळणाऱ्या यंत्रणा बी६०डब्ल्यू ३०/०९ मध्ये सापडतात. हवी ती रचना मिळाली की भारतातल्या ई-रजिस्टरमधली तिची स्थिती बघून, त्या दिवसाची तारीख येईल असं प्रिंटआउट काढा आणि ड्रॉइंगच्या फाइलला लावून ठेवा.